उभ्या बी.ए.चा अंदाज

योगेश्वरीला आजही कुणी ‘बी.ए. करून मिळतं काय?’ असं विचारलं, की उत्तराआधी तिला लूना आठवते. निळी, एक पायडल वाकलेली, जराशा चढावर पायडल मारल्याशिवाय पुढं न सरकणारी लूना. पुढं बाबूजी, मागं ती, आणि दोघांच्या मधे पिशवीत पोळ्या, आंब्याचं लोणचं आणि पाण्याची कॅन. जूनचं ऊन असं की डोक्यावरचा दुपट्टाही तापायचा. त्या तीन दिवसांत बाबूजी तिच्याशी जेवढं बोलले, तेवढं त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलले नसतील. आणि बोलले ते तरी काय, तर पगाराबद्दल.

गोंदियाजवळच्या कामठ्याचं त्यांचं घर एकत्र होतं. थोरले भैयाजी आणि धाकटे लखनलाल, दोघे रहांगडाले भाऊ. लखनलाल म्हणजे योगेश्वरीचे बाबूजी, आणि भैयाजी तिचे मोठे बाबूजी. शेतीचा कारभार, कपाटाची किल्ली आणि घरातला शेवटचा शब्द भैयाजींकडे. लखनलालांच्या वाट्याला काय आलं होतं, तर अंदाज.

उभ्या धानाकडे पाहून त्यात किती खंडी होईल ते लखनलाल सांगायचे. मालकाचं आणि वाट्यानं शेत करणाऱ्या बटईवाल्याचं वाटणीवरून वाजलं, की आधी शिव्या, मग पंच आणि शेवटी लखनलाल, हा ठरलेला क्रम. रस्त्यावरून पाहून त्यांनी कधी आकडा सांगितला नाही. चारही धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, फेरी मारायची, मग बांधीत, धानाच्या खाचरात, मधोमध उतरायचं, एक लोंब तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि मग तोंड उघडायचं. धान चुरून मोजलं की आकडा तिथंच येऊन बसायचा. याहून कडक नियम दुसरा होता. ज्याच्या शेताचा अंदाज द्यायचा, त्याच्या घरी चहा तर सोडाच, पाणीसुद्धा प्यायचं नाही. “पोटात गेलं का नजर फिरते,” ते म्हणायचे. एकदा भर उन्हात चक्कर येऊन धुऱ्यावर बसले, तरी मालकाच्या तांब्याला हात लावला नाही. गावात त्याचं कौतुक होतं आणि थोडी चेष्टाही होती.

दोन हजार दोन साली योगेश्वरी बारावी झाली. आर्ट्सला, चांगल्या मार्कांनी. इतिहास शिकायचा आणि तोही पुण्याच्या कॉलेजात, हे तिनं डोक्यात घेतलं होतं. घरात ती मुकीच होती म्हणा ना. पण मुक्या माणसानं एकदा डोक्यात घेतलं की ते निघता निघत नाही. फी, हॉस्टेल, मेस असा तीन वर्षांचा खर्च होता एक लाख साठ हजार. बँकेनं तेव्हा शिक्षणासाठी कर्ज द्यायला नुकतीच सुरुवात केली होती. इंजिनिअरिंग म्हटलं की तिथले साहेब खुर्ची द्यायचे. बी.ए. म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, “बी.ए. के लिए लोन? पक्का?” वडिलांची सही लागणार होती, आणि थोरल्या भावाच्या शब्दाशिवाय लखनलाल सही करणाऱ्यांतले नव्हते.

भैयाजी काही दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं साऱ्या गावाचं म्हणणं होतं.

“डी.एड. कर ना बाई,” ते ओसरीवर बसून म्हणाले. “दोन सालात मास्तरीण होशीन. बी.ए. कायले पाहिजे? गोंदियातही होते बी.ए., तं पुण्याले काऊन जाऊन राहिली? अन् कर्ज काढून?”

योगेश्वरी खाली मान घालून उभी राहिली.

मग भैयाजींनीच तोड काढली. “लखन, तूच सांग. गावाच्या धानाचा अंदाज देतं, घरच्या पोट्टीचा दे. नोकरी लागल्यावर पाच सालात, घरच्या धानाले हात न लावता कर्ज फिटत असन, तं जाऊ दे तिले. नाही फिटत, तं डी.एड. तू जे म्हणशीन ते मले मंजूर.”

झालं. योगेश्वरीचं पुणं आता बाबूजींच्या जिभेवर येऊन बसलं. आणि त्या जिभेला खोटं बोलता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजींनी लूनाची चेन तेलानं पुसली आणि म्हणाले, “चल.”

“कुठं?”

“बी.ए. पाहाले.”

बी.ए. उभं कुठं असतं? ज्यांनी ते केलं त्यांच्या घरी. रस्त्यावरून आकडा सांगायचा नाही हा नियम बाबूजींनी इथंही पाळला. बी.ए. झालेली तीन माणसं त्यांनी निवडली होती, आणि तिघांकडे ते शेतात उतरावं तसे उतरणार होते.

पहिला होता गावातलाच श्यामलाल. बी.ए. होऊन त्यानं चौकात एसटीडीचं दुकान टाकलं होतं, शेजारी झेरॉक्सचं मशीन. बाबूजी बाकड्यावर बसले आणि सुरू झाले. पहिल्या साली किती मिळाले? मग पुढं? कोणतं साल कोरडं गेलं? रोग कोणता लागला? श्यामलाल आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की हे खरंच विचारताहेत. मोबाइल आल्यापासून एसटीडीला रोग लागला आहे, हे त्यानं कबूल केलं. “काका, या दुकानात बी.ए. कामाले आलं ते इतकंच, का पाटी मीच रंगवली.” त्यानं पोराला चहा आणायला पाठवलं. बाबूजी उठले, बाहेर लूनापाशी जाऊन स्वतःच्या कॅनमधलं पाणी प्याले. श्यामलाल पाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी गोंदिया. देवानंद सर बी.ए., बी.एड. होते आणि एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. अनुदान येईल या आशेवर सहा वर्षं गेली होती. पगार सांगताना त्यांनी आधी दार लोटून घेतलं. त्यांची बायको टीनाभाभी रायपूरकडची, हौशी. तिनं ट्रेमध्ये सरबत आणलं, खारी आणली. बाबूजींनी हात जोडले. तिनं पुन्हा आग्रह केला. बाबूजींनी पुन्हा हात जोडले. भाभीचा चेहरा उतरला.

“क्यों भाईसाहब, हमारे घर का पानी भी नहीं चलेगा?”

योगेश्वरीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. भाभी काय समजली ते तिला कळलं, देवानंद सरांना कळलं. कळलं नाही ते फक्त बाबूजींना. “नाही नाही, तसं नाही, मी अंदाज घ्याले आलो,” असं ते प्रामाणिकपणे सांगत राहिले, आणि भाभी ट्रे घेऊन आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. जाताना योगेश्वरीनं खारीचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. निदान एकीनं तरी खाल्लं, एवढंच तिला भाभीला दाखवायचं होतं, पण भाभी पाहायला होती कुठं?

परतताना लूना चढाला लागली तेव्हा बाबूजी पायडल मारता मारता म्हणाले, “मास्तर चांगला आहे. पण पीक बसलं नाही त्याचं.” मागं बसलेली योगेश्वरी मनातल्या मनात हिशेब करत होती. व्याज, खोलीभाडं, खाणं, मग हप्ता. तिला आर्ट्स येत होतं तसं गणितही येत होतं. पाच वर्षांत फिटत नव्हतं. कसंही फिरवून मांडलं तरी फिटत नव्हतं.

तिसरा दिवस दरेकशाचा. आमगावच्या स्टेशनात लूना ठेवून दोघं पॅसेंजरनं निघाले. सालेकसा मागं पडलं, डोंगर जवळ आले, आणि जंगलातल्या त्या एवढ्याशा स्टेशनावर ती दोघं आणि सरपणाच्या मोळ्या विकून परतणाऱ्या चार बायाच काय त्या उतरल्या. रुख्मा उईके तिथं राहत होती. इतिहासातच बी.ए., तिशीची, एका निवासी शाळेत ठेक्यावर शिकवणारी. उन्हाळ्याचा पगार मिळत नसे, म्हणून सुट्टीत ती मोह वेचत असे, तेंदूपत्ता तोडत असे. हे तिनं इतकं सहज सांगितलं की बाबूजींना पुढचा प्रश्नच सुचला नाही. तीन शेतं पाहून झाली होती आणि तिन्ही पडलेली होती.

आता उठायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात रुख्मानं योगेश्वरीला विचारलं, “तुले इतिहास काऊन पाहिजे बाई?”

आणि मुकी योगेश्वरी बोलायला लागली. आधी अडखळत, मग धो धो. इथल्या डोंगरातल्या कचारगडच्या गुहेबद्दल तिनं विचारलं. माघ पुनवेला तिथं एवढे गोंड लोक येतात, त्यांना वाट कुणी सांगितली? तुमच्या आजोबांना कुणी सांगितलं? त्यांच्या आधीच्यांना? यात्रेत गातात ती गाणी तीच आहेत का बदलली? बदलली तर कुणी बदलली? आमचे पोवार म्हणतात आम्ही माळव्यातून आलो. आलो तेव्हा इथं कोण होतं? तुमचेच लोक ना? मग तुमच्याकडं आमच्याबद्दल काय सांगतात?

रुख्मा आधी थक्क झाली, मग मांडी घालून नीट बसली. “माया बी.ए.च्या पेपरात यातला एकही प्रश्न आला नाही, बाई,” ती म्हणाली आणि खळखळून हसली. मग तिनं आजीकडून ऐकलेलं सांगायला सुरुवात केली. पोवार पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना जंगलातली कोणती भाजी खायची हेही कळत नव्हतं, आणि गोंडांच्या बायांनी ते त्यांना दाखवलं, असं तिची आजी सांगायची. “आमच्या घरी कोणी हे सांगत नाही!” योगेश्वरी ओरडलीच. दोघींना वेळेचं भान राहिलं नाही. एक दुसरीला थांबवत होती, खोडून काढत होती, आठवून सांगत होती.

बाबूजी खाटेवर बसून पाहत होते. आपल्या पोरीचा आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना अठरा वर्षांत कळलं नव्हतं. तिचे हात बोलताना असे हलतात, कपाळावर अशी आठी पडते, हसली की ती अगदी सुखवंतासारखी दिसते. तिच्या आईसारखी. योगेश्वरीनं मधेच त्यांच्याकडं पाहिलं, तर ते तिच्याकडंच पाहत होते. ती ओशाळून गप्प झाली.

“बोल, बोल,” बाबूजी म्हणाले. मग रुख्माकडं वळून, घसा खाकरून म्हणाले, “रुख्माबाई, घरी चहापत्ती आहे का? घोटभर टाकता का?”

योगेश्वरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. रुख्मानं गुळाचा काळा चहा केला. बाबूजी तो बशीत ओतून, फुंकर मारत, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि वर म्हणाले, “आणखी असन तं द्या.” उन्हानं थकले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. अंदाज देणारा लखनलाल त्या दिवशी त्या खाटेवरच राहिला आणि घरी परत आला तो तिचा बाप, हे तिला कळायला पुढं फार वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सगळे जमले. भैयाजी, त्यांची बायको सुशिलाबाई, सूप घेऊन तांदूळ पाखडणारी सुखवंता, आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी योगेश्वरी. तिनं रात्रीच मनाची तयारी केली होती. डी.एड. तर डी.एड. मास्तरणी काय माणसं नसतात?

“बोल लखन,” भैयाजी म्हणाले.

बाबूजींनी जमिनीकडं पाहिलं. मग सरळ भावाच्या डोळ्यांत पाहिलं. “फिटते दादा. पाच सालात फिटते. घरच्या धानाले हात लागत नाही.”

भैयाजींनी मांडीवर थाप मारली. “तू म्हणतं तं झालं. करून टाक सही.”

योगेश्वरीला रडूच कोसळलं. आपलाच हिशेब कच्चा, बाबूजींना काहीतरी दिसलं जे आपल्याला दिसलं नाही, असं तिला वाटलं. त्यांची नजर कधी चुकत नाही, सारं गाव म्हणतं ना!

पुण्याची ती तीन वर्षं तिच्या आयुष्यातली सोन्याची. त्यांच्याबद्दल विचारू नये, ती थांबत नाही. लायब्ररीतला तो लांबलचक टेबल, रविवारी मेस बंद म्हणून खाल्लेले वडापाव, ‘का’ म्हणायच्या जागी येणाऱ्या तिच्या ‘काऊन’ला आधी हसणाऱ्या आणि मग स्वतःच ‘काऊन’ म्हणू लागलेल्या मैत्रिणी. तिथं ती बोलायची. भरपूर बोलायची.

नोकरी लागली दोन हजार सहा साली, पुस्तकं छापणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात, प्रुफं तपासायची. पगार चार हजार. खोलीभाडं आणि डबा गेल्यावर हप्त्याला उरायचं ते बघून बँकेतल्या माणसालाही दया यायची. बँकेनं मुदत वाढवली, व्याजही वाढलं. दोन हंगाम घरचं धान विकून हप्ते भरावे लागले. दुसऱ्या हंगामाच्या दिवाळीला भैयाजी भरल्या ओसरीवर म्हणाले, “लखन, तुया अंदाज गेला रे!” बाबूजी पानाला चुना लावत राहिले.

बोलून बोलून ही गोष्ट गावभर झाली. घरच्या पोरीचा अंदाज चुकला, तो आपल्या धानाचा काय देणार? पुढच्या कार्तिकात गावातल्या उदारामच्या बटईचा वाद झाला, तेव्हा शेजारच्या गावातून दुसऱ्याच कुणाला बोलावलं. बाबूजी त्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून बसले होते. आईनं हे फोनवर सांगितलं आणि योगेश्वरीनं रिसीव्हर ठेवून दिला. कर्जाचं ओझं तिनं पेललं असतं. हे तिला पेलवत नव्हतं. इतिहासाचा तिला कधी पश्चात्ताप झाला नाही, एक दिवसही नाही. पण आपल्यासाठी बाबूजींचं नाव गेलं, हे ती कधी विसरली नाही. एकदा तिनं फोनवर सांगितलंही, “बाबूजी, सोडते हे. बी.एड. करते, काहीतरी पक्कं बघते.” पलीकडून फक्त एवढंच आलं, “बी.एड.वाले काय कमी बसले आहेत घरी? दादाचा टिकेश डी.एड. करून भरतीची वाट पाहून राहिला. तू आपलं काम कर.”

तिनं काम केलं. नागपूरला मोठ्या प्रकाशनात आली, प्रुफांवरून संपादनावर गेली. पगार काही डोळे दिपवणारा नव्हता. हप्ता मात्र चुकला नाही. घरच्या धानाचेही पैसे तिनं परत केले. आणि दोन हजार पंधराच्या दिवाळीआधी एका दुपारी बँकेतून बाहेर पडली, तेव्हा ती कुणाचंही देणं लागत नव्हती. नोकरी लागल्यापासून नऊ वर्षं झाली होती.

ती तशीच गाडीत बसली आणि कामठ्याला आली.

शेजारच्या शेतात हार्वेस्टर फिरत होता. आता वाद उरले नव्हते. मशीन कापतं, तिथल्या तिथं पोती भरतात, वाटणी होते. बाबूजी अंगणात खाटेवर बसले होते, गुडघ्यांना तेल चोळत. ओसरीवर भैयाजी. त्यांना आता एका कानानं ऐकू येत नव्हतं, आणि दुसऱ्यानं त्यांना ऐकायचं नसे. सुखवंता चुलीपाशी होती.

योगेश्वरी बाबूजींच्या पायाशी बसली. “बाबूजी, संपलं. आज शेवटचा हप्ता भरला.”

“फिटलं?”

“फिटलं.” आणि मग इतक्या वर्षांचं एकदम बाहेर आलं. “माफ करा बाबूजी. तुम्ही पाच सांगितले होते. माझ्यामुळं तुमचा अंदाज चुकला. साऱ्या गावात नाव गेलं तुमचं. माझ्या बी.ए.नं घालवलं.”

बाबूजी चुलीकडं तोंड करून म्हणाले, “आयकलं का? नऊ सालात फेडलं पोट्टीनं.”

सुखवंता पदराला हात पुसत बाहेर आली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. “बाई, तुले कोण सांगतलं पाच? पाच ते तुया मोठ्या बाबूजीसाठी होते. दरेकशाहून आले त्या सांजेले हे मले म्हणाले, बारा साल लागन पोट्टीले. बारा. मी म्हटलं, मग उद्या काय सांगणार? तं म्हणे, पाच.”

हार्वेस्टरचा आवाज येत होता. आयुष्यात एकदाच खोटा अंदाज दिला होता बाबूजींनी, आणि तो खोटा आहे हे ठाऊक असताना इतकी वर्षं लोकांचं बोलणं खाली मान घालून ऐकलं होतं.

“बाबूजी, काऊन?” तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी तो शब्द आला. “मग मला सांगितलं का नाही? मोठ्या बाबूजींना तरी सांगू द्या आता. गावालाही कळू द्या, तुमची नजर चुकली नव्हती म्हणून.”

“दादाले सांगू नोको,” बाबूजींनी ओसरीकडं एक चोरटी नजर टाकली. “त्याले वाटू दे, मी चुकलो. अन् चुकलोच ना! बारा सांगलो होतो, तू नऊत फेडलं. तीन सालानं चुकलो. एवढा तं मी कोणाच्या धानात कधी चुकलो नव्हतो.”

असं म्हणून ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसणं थांबेना. योगेश्वरीनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती लहान पोरीसारखी रडली.

ओसरीवरून भैयाजींनी मान वर करून विचारलं, “काय झालं लखन? कायचं हसून राहिला?”

“काही नाही दादा,” बाबूजी मोठ्यानं म्हणाले. “पोट्टी घरी आली.”